न फिरवलेली चावी

घरातल्या कर्त्या माणसाला विचारा, विम्याची पॉलिसी कुठे ठेवली आहे? तो चटकन सांगेल, कपाटात, डावीकडच्या खणात, निळ्या फायलीत. घरच्या बाईंना विचारा, पाहुण्यांच्या जास्तीच्या उशा कुठे आहेत, मुलीच्या बारशाची चांदीची वाटी कुठे आहे? दिवे गेले असले तरी त्या हात घालून काढून देतील. आता दोघांनाही विचारा, तुमच्या घरात येणारं पाणी बंद करायची मुख्य चावी कुठे आहे? नवरा बायकोकडे बघेल, बायको नवऱ्याकडे बघेल आणि शेवटी दोघंही म्हणतील, “माळ्यावर असेल बहुतेक. नाहीतर डक्टमध्ये. प्लंबरला माहीत आहे.”

चावी म्हणजे इथे कुलपाची किल्ली नव्हे. नळकाम करणारी मंडळी व्हॉल्व्हला चावी म्हणतात. महापालिकेचा जो माणूस लांबलचक लोखंडी दांडा घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो आणि एकेका भागाचं पाणी सोडतो, त्यालाही आपण चावीवालाच म्हणतो. गावाची चावी फिरवायला निदान पगारी माणूस असतो. घराच्या चाव्या मात्र कुणाच्याच नसतात. बिल्डरनं बसवल्या, भिंतीवर रंग चढला, त्या रंगाचा एक हात चाकावरही चढला आणि त्या तिथेच राहिल्या. वीस-वीस वर्षं त्यांना हात लागत नाही, कारण लावायचं कारण पडत नाही. कारण पडतं ते एकाच दिवशी, आणि त्या दिवशी विचार करायला वेळ नसतो.

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक रिवाज मला फार कंटाळवाणा वाटे. शाखेतली तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, एक रोखपालाकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. या किल्ल्यांचा एक दुसरा संच असतो. तो शाखेत ठेवायचा नाही. मोहोर लावून दुसऱ्या शाखेत जमा करायचा. इथवर ठीक. पण ठरावीक मुदतीनं तो संच परत आणायचा, तो वापरात घ्यायचा, आणि इतके दिवस वापरलेला संच तिकडे पाठवायचा. रजिस्टर भरायचं, सह्या घ्यायच्या, एक माणूस दिवसभर त्यात अडकायचा. शाखेतल्या म्हाताऱ्या हेड कॅशियरना मी एकदा विचारलं, “काका, हा खटाटोप कशासाठी?”

ते म्हणाले, “अहो साहेब, कुलूप रोज थोडंथोडं झिजतं. रोजच्या किल्लीच्या संगतीनं झिजतं. दुसरी किल्ली पाकिटात कोरीकरकरीत राहिली, तर ज्या दिवशी तिच्यावर पाळी येईल त्या दिवशी ती या कुलपाला लागायची नाही. म्हणून तिलाही फिरवत ठेवायचं.”

ही गोष्ट पुढे मी विसरूनही गेलो असतो. पण निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत एक प्रकार घडला आणि हेड कॅशियरांचं ते वाक्य लख्ख आठवलं.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल. आमची इमारत तीन मजली, चोवीस बिऱ्हाडांची, गच्चीवर पाण्याची टाकी. पाणी एक दिवसाआड येत होतं. तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, एकट्या, मुलगा परदेशात. दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्या वॉश बेसिनखालची प्लॅस्टिकची जोडनळी फुटली. नळीच्या मुळाशी अँगल कॉक असतो. काकूंनी तो फिरवला. मूठ गोल गोल फिरली, पाणी काही थांबलं नाही. आरडाओरडा ऐकून वॉचमन धावला. डक्टमधली मुख्य चावी त्यानं गाठली. ती जागची हलेना. त्यानं मोठा पाइप पाना लावून जोर केला, तर चाक तुटून हातात आलं. मग दोघंतिघं गच्चीवर पळाले. टाकीखालची चावी फिरली, पुरती फिरली, पण पाणी खाली जातच राहिलं. वर्षानुवर्षांची वाळू नि क्षार तिच्या तळाशी बसलेले. आतली पाचर खालपर्यंत टेकेचना. टाकी रिकामी झाली तेव्हाच पाणी थांबलं. टाकी दहा हजार लिटरची.

हे सगळं पाणी गेलं कुठे? दुसऱ्या मजल्यावर. त्या घरात आठ दिवसांनी मुलीचं लग्न होतं. हॉलमध्ये सतरंजीवर रुखवत मांडून ठेवलेलं होतं. कागदाचं तुळशीवृंदावन, पुठ्ठ्याची बैलगाडी, साखरेची फळं, मोत्यांची तोरणं. मुलीच्या आजीनं मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दोन महिने खपून विणलेलं क्रोशाचं ताटझाकण. छतातून धार लागली आणि अर्ध्या तासात साखर विरघळली, रंग एकमेकांत मिसळले.

पैशांत मोजलं तर नुकसान फार नव्हतं. पण या दोन घरांमध्ये सव्वीस वर्षं वाट्यांची देवघेव होती. खालून आमटी वर जायची, वरून साटोरी खाली यायची. त्या दुपारी शब्दाला शब्द लागला. “तुमची नळी फुटली, भरपाई तुम्ही करा.” “मी काय मुद्दाम फोडली? सोसायटीची चावी बंद झाली असती तर एक बादली पाणी गेलं असतं.” दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. लग्नाची पत्रिका वर गेली, काकू मात्र अक्षता टाकायला गेल्या नाहीत. पुढे दीड वर्ष ती दोन दारं एकमेकांसाठी बंद होती.

गंमत बघा. पाणी अडवायला तीन चाव्या होत्या, एकीमागे एक. तिन्ही जागेवर होत्या, दिसायला धडधाकट होत्या. तिन्हींपैकी एकही चालत नव्हती. आणि आदल्या दिवशी हे कुणालाही सांगता आलं नसतं, कारण चालत नसलेली चावी उघडी असते तोवर अगदी चालत्या चावीसारखीच वागते. पाणी येत राहतं. तक्रार नसते.

पुढच्या वर्षी बँकवाला म्हणून सभासदांनी खजिनदारपद माझ्या गळ्यात घातलं. मी सवयीनं मागच्या दहा वर्षांचे हिशेब काढून बसलो. रंगकामाला पैसे होते, पंपदुरुस्तीला होते, जिन्यातल्या दिव्यांना होते, टँकरला तर भरपूरच होते. चाव्यांच्या देखभालीसाठी एका वर्षीही एक रुपया पडलेला नव्हता. मग मी आमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रीला धरलं आणि म्हटलं, मला हे सगळं समजावून सांग. तो ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. देशभरातल्या शहरांत नळकाम करणारे कितीतरी हात त्या एका जिल्ह्यातून आले आहेत. तिथल्या पट्टामुंडई भागात तर हा घरोघरचा व्यवसाय आहे. तो चाव्या उघडून दाखवत गेला, मी वहीत उतरवत गेलो. त्या वहीतलं जे घरोघरी उपयोगी पडेल ते इथे देतो.

मुख्य चावीचे साधारण दोन प्रकार आढळतात. गोल चाक असलेला तो गेट व्हॉल्व्ह. चाक फिरवलं की आतली धातूची पाचर आट्यांवरून खाली उतरते आणि वाट अडवते. बंद करायला बरेच फेरे लागतात. दुसरा बॉल व्हॉल्व्ह. त्याला आडवी दांडी असते. आत आरपार भोक असलेला एक गोळा असतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली की पाणी चालू, काटकोनात आणली की बंद. पाव फेऱ्यात काम होतं आणि लांबूनच कळतं की उघडा आहे की मिटलेला. जुन्या इमारतीत गेट व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली, तर घरापुरत्या पाइपावर मिस्त्री हल्ली बहुधा बॉल व्हॉल्व्हच सुचवतात.

या दोघांचीही एक खोड सारखी. अर्धवट उघडं ठेवलेलं त्यांना मानवत नाही. पाण्याचा जोर कमी करायचा म्हणून पुष्कळ घरांत मुख्य चावी निम्मी बंद करून ठेवतात. अशा वेळी पाणी अरुंद फटीतून वेगानं घुसतं, वाळूचे कण बरोबर असतात, आणि पाचरेची किंवा गोळ्याच्या बैठकीची कड हळूहळू झिजते. मग ती चावी पुरती मिटूनही पाणी पाझरत राहतं. चावी एकतर पूर्ण उघडी असावी, नाहीतर पूर्ण बंद.

चावी जाम का होते? आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. ठरावीक वेळी पाणी येतं, जातं. पाइप भरतो, रिकामा होतो. पाण्यापाठोपाठ हवा, हवेपाठोपाठ पाणी. प्रत्येक वेळी गाळ ढवळला जातो. उन्हाळ्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळतं, ते बहुधा जड असतं. तव्यावर, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच चावीच्या आट्यांवर बसतो. जुना जी.आय. पाइप असेल तर गंजाची भर. महिनोन्महिने चावी हलली नाही की हे सगळं मिळून तिला सिमेंटसारखं पक्कं करतं. मध्ये मध्ये फिरवलेल्या चावीवरचा थर पातळ असतानाच मोडतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

म्हणून उपाय एकच. वर्षातून चार वेळा चावी फिरवायची. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही सण धरले: संक्रांत, गुढीपाडवा, आषाढी एकादशी आणि खंडेनवमी. साधारण तीन-तीन महिन्यांचं अंतर आपोआप पडतं. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुसून पूजतोच. त्यात पाना आणि चावी आली तर देवी रागावणार नाही.

फिरवायची रीतही आहे. चावी पूर्ण बंद करा. मग घरातला एक नळ सोडून बघा. पाइपातलं उरलंसुरलं पाणी गेल्यावर धार थांबली पाहिजे. थांबली, म्हणजे चावी खरी. मग पूर्ण उघडा. गेट व्हॉल्व्ह असेल तर शेवटपर्यंत उघडून पाव फेरा मागे घ्या. टोकाला करकचून ठेवलेलं चाक तिथेच धरून बसतं. चावी घट्ट वाटली तर थोडी पुढे, थोडी मागे, असं करत सोडवा. मोठा पाना लावून झटका मारू नका. आतला दांडा पिळवटतो किंवा चाक हातात येतं, जसं आमच्या वॉचमनच्या आलं. हलतच नसेल तर ती बदलायची वेळ झाली, आणि ती बदल आपण ठरवलेल्या दिवशी करून घेणं केव्हाही स्वस्त. बरेच दिवसांनी फिरवलेल्या चाकाच्या मुळाशी कधीकधी पाणी पाझरतं. तिथे एक छोटं नट असतं, त्याला ग्लँड म्हणतात. ते किंचित आवळलं की बहुधा थांबतं. नाही थांबलं तर आतली दोरी नवी भरावी लागते.

हे झालं मुख्य चावीचं. मग येतात नळ. चोचीतून ठिबकतं ते वेगळं आणि मुठीच्या मुळाशी पाझरतं ते वेगळं. मुठीपाशी पाझरलं तर ग्लँड. चोचीतून ठिबकलं तर, जुन्या पद्धतीच्या नळात, वायसर. खाली दाबणाऱ्या स्क्रूचा हा नळ इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या ‘गेस्ट अँड क्राइम्स’ या पितळेच्या कारखान्यानं १८४५ साली पेटंट केला, आणि त्याची आतली रचना पावणेदोनशे वर्षांत मुळात बदललेली नाही: एक दांडा, त्याच्या टोकाला वायसर, आणि वायसर जिथे टेकतो ती बैठक. वायसर झिजला की थेंब सुरू होतो. आपण काय करतो? जोरात पिळतो. दोन दिवस थेंब थांबतो, वायसर आणखी चिरतो, आणि पिळता पिळता एक दिवस बैठकीलाच खाच पडते. वायसर अगदी किरकोळ किमतीत मिळतो. बैठक गेली की नळ जातो. हल्लीचे पाव फेऱ्याचे नळ निराळे. त्यांत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांना पिळायची गरजच नाही. त्यांचा शत्रू म्हणजे वाळूचा कण. पाइपाचं काम झाल्यावर लगेच हे नळ सोडू नयेत. आधी घरातला एखादा साधा नळ सोडून गाळ जाऊ द्यावा. नवा नळ घेताना आयएसआय शिक्का बघावा. जुन्या पद्धतीच्या पितळी नळांसाठी आयएस ७८१ हे मानक आहे.

एका थेंबाचं काय एवढं, असं वाटेल. बँकवाल्यांची खोड म्हणून मी हिशेब केला. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब. एका मिलिलिटरला पंधरा ते वीस थेंब धरले, तर दिवसाला सव्वाचार ते पावणेसहा लिटर. वर्षाला दीड ते दोन हजार लिटर. हे एका नळाचं. विश्वास बसत नसेल तर रात्री नळाखाली पातेलं ठेवा आणि सकाळी मापून बघा.

थेंबाचा निदान आवाज येतो. आवाज न करता पाणी खाणारी जागा म्हणजे संडासातला फ्लशचा टाका. आतलं रबर सैल झालं की पाणी भांड्याच्या कडेनं पातळ पडद्यासारखं उतरत राहतं, दिसत नाही, ऐकू येत नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. टाक्यात खाण्याचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. घरापुरता मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा, सकाळी कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. मीटर नसेल तर टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खूण करा. आकडा किंवा पातळी हलली, तर पाणी कुठून तरी जात आहे. आणि गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे तो तरंगणारा गोळा. तो पाण्यानं भरला किंवा त्याची दांडी वाकली की टाकी ओसंडते. पहाटे ओसंडणाऱ्या टाकीखाली किती इमारती शांत झोपलेल्या असतात!

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण अर्धवट उत्साह जिवावर बेतू शकतो. घरातला एक थेंब असा आहे की तो थांबवायचा नाही. साठवणीच्या गीझरला थंड पाण्याच्या बाजूला एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये वीस अंशांचं पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापलं, तर ते साधारण पाव लिटरनं वाढतं. या वाढलेल्या पाण्याला वाट हवी. ती त्या व्हॉल्व्हमधून मिळते. गीझर चालू असताना तिथून थोडं ठिबकलं तर तो आपलं काम करतो आहे. फरशी ओली होते म्हणून काही घरांत तिथे बूच ठोकतात किंवा एम-सील लावतात. हे कधीही करू नये. दाब वाढून टाकी फुटू शकते. गीझर बंद असतानाही तिथून सतत पाणी वाहत असेल तर मात्र जाणकाराला बोलवावं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं झालं घरापुरतं. पण पाण्याचं घर वेगळं नि गाव वेगळं असं नसतं. शहरांत माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी मोजमाप आहे. खेड्यांसाठी २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशननं माणशी ५५ लिटरचं लक्ष्य धरलं. आमच्या टाकीतून त्या दुपारी जे दहा हजार लिटर वाहून गेले, ते शहरी मापानं चौऱ्याहत्तर माणसांचं आणि खेड्याच्या मापानं एकशे ऐंशी माणसांचं एका दिवसाचं पाणी होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. स्टेशनात वाघिणी लागलेल्या बघणारी माणसं वायसरला किरकोळ म्हणणार नाहीत.

आणि गळणारा पाइप केवळ पाणी बाहेर टाकतो असंही नाही. नळाला पाणी असतं तोवर आतला दाब पाणी बाहेर ढकलतो. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं पाणी. दुसऱ्या दिवशी नळ सोडल्यावर पहिली धार गढूळ येते, वास येतो, त्याचं एक कारण हे. म्हणजे गळतीचा प्रश्न पाणीपट्टीपुरता नाही. तो घरातल्या लहान मुलांच्या पोटापर्यंत येतो.

जुन्या लोकांना याची जाण होती. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. जमिनीखालच्या त्या दगडी नळाला जागोजागी उच्छ्वास ठेवले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर जायची आणि नळाची देखभालही करता यायची. आत पोहोचायची वाट आधी, भिंत मागाहून. आपण नेमकं उलटं करतो. चावीवर टाइल्स लावतो, डक्टच्या दारासमोर वॉशिंग मशीन ठेवतो, बेसिनखाली लाकडी कपाट ठोकून अँगल कॉक त्यात कोंडतो. घराचं नूतनीकरण करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: सौंदर्य सांभाळा, पण चावीपर्यंत हात पोहोचेल एवढी जागा सोडा.

भांडणांविषयीही दोन शब्द. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत साधारण विभागणी दिलेली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप यांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची. आपल्या घरातल्या न्हाणीघराची, संडासाची, बेसिनची गळती ज्याची त्यानं. हे वाचायची वेळ छत गळायला लागल्यावर येते, तेव्हा डोकी तापलेली असतात. आम्ही सर्वसाधारण सभेत ते शांतपणे वाचून घेतलं. हिशेबात ‘चाव्यांची देखभाल’ असं वेगळं शीर्षक उघडलं. गच्चीवरच्या आणि डक्टमधल्या चाव्या बदलल्या, प्रत्येकीवर रंगानं क्रमांक टाकला आणि कुठली चावी कुठल्या घराची, याचा तक्ता वॉचमनच्या खोलीत लावला. सणांच्या चार दिवशी मिस्त्री येतो, वॉचमन बरोबर असतो, मी वहीत सही घेतो. लोक हसतात, म्हणतात, काकांची बँक अजून सुटली नाही. हसू देत.

मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर एक जोडनळी तडकली. त्या घरातल्या बाईंनी स्वतः डक्टचं दार उघडून चावी मिटली. सगळं मिळून दोन बादल्या पाणी गेलं. त्यांनी फरशी पुसायला फडकं हातात घेतलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून दुसरं फडकं घेऊन आल्या. दोघींत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

आमचा मिस्त्री पहिल्या दिवशी डक्टसमोर उभा राहून म्हणाला होता, “चाचा, ये चाबी खराब नहीं हुआ. इसको कोई हाथ नहीं लगाया.” कादंबऱ्या लिहिताना मी माणसांच्या नात्यांवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत; त्याचं हे एक वाक्य मला त्यांतल्या कुठल्याही पानापेक्षा कामाचं वाटतं.

घरात वडीलधारी मंडळी एकटी राहत असतील तर त्यांना चावीपाशी नेऊन ती त्यांच्या हातानं फिरते का, ते बघा. त्यांच्या बोटांना झेपत नसेल तर दांडीची चावी बसवून द्या. शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही दाखवून ठेवा. मुलांना असली कामं फार आवडतात. गावाला जाताना गॅस बंद केला का, हे आपण दारात उभं राहून तीनदा विचारतो. त्याच्या जोडीला पाण्याच्या चावीचंही विचारा.

आज रविवार. जेवणं झाल्यावर डक्टचं दार उघडून आपली चावी कुठली, एवढं शोधून ठेवा. फिरवायची मात्र घाई नको. ती उद्या सकाळी फिरवा, हार्डवेअरचं दुकान उघडल्यावर आणि मिस्त्री फोन उचलेल अशा वेळी.